पुदिन्याचा वास

बांधकामावर त्याला सगळे दाजी म्हणायचे. त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ तिथे एकच होता, पण त्या एकाने वायरलेसवरून ‘दाजी, घ्या वर’ आणि ‘दाजी, सोडा खाली’ असं इतकी वर्षं म्हटलं, की गवंड्यापासून मुकादमापर्यंत कुणाला त्याचं दुसरं नाव आठवेना. अख्ख्या बांधकामाच्या बहिणीचा तो नवरा होऊन बसला होता. मेहुण्याचंही तेच. वायरलेस यायच्या आधी तो शिट्टी वाजवून क्रेनला इशारे द्यायचा, म्हणून तो शिट्टी. पुढे वायरलेस आले, पण ती पितळी शिट्टी त्याच्या गळ्यातून गेली नाही आणि नावही गेलं नाही.

दाजी वर, शिट्टी खाली. क्रेनच्या टोकाला दाजीची केबिन, कपाटाएवढी. चहूबाजूंना काच, पायाखालीही काच. जमिनीवरची माणसं तिथून मुंग्यांसारखी दिसत, पण शिट्टी उभा असायचा इमारतीच्या सगळ्यात वरच्या स्लॅबवर, त्याचा हात दाजीला स्वच्छ दिसायचा. हात डोक्यावर गोल फिरवला की वर. उघडा पंजा खाली-खाली दाबला की हळू खाली. मूठ आवळली की थांब. वायरलेस असला तरी शेवटच्या हातभर कामाला दोघं हातावरच चालायचे. बोलण्यात वेळ जातो, आणि लटकलेलं वजन कुणाचं बोलणं संपायची वाट बघत नाही.

या धंद्यात एक नियम मोठा. हुकाला वजन असेपर्यंत केबिन सोडायची नाही. आग लागो, घरून निरोप येवो, आधी वजन टेकवायचं, मग वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, ‘हुक रिकामा, उतरतोय,’ आणि मग शिडीला पाय लावायचा. दाजीने हा नियम जन्मात मोडला नव्हता. आणि त्याच नियमाने त्याचा जीव नको करून सोडला होता.

कारण दाजीचं दुखणं होतं पोटाचं.

एका वर्षी जुलाबाची साथ आली, सगळ्यांना झाले, सगळ्यांचे थांबले, दाजीच्या पोटात मात्र काहीतरी कायमचं बिनसून गेलं. चार दिवस कोंडून बसायचं, पाचव्या दिवशी असं सुटायचं की पळता भुई थोडी. बेंबीखाली पीळ पडायचा, पोट ढोलासारखं फुगायचं, आणि एकदा कळ आली की ती उद्यावर ढकलता येत नसे. जमिनीवरच्या माणसाचं ठीक आहे. हातातलं थापी-घमेलं ठेवलं, ‘आलोच’ म्हटलं आणि गेला. दाजीला आधी वजन टेकवायचं, मग सगळ्या जगाला वर्दी द्यायची, मग ती लांबलचक शिडी उतरायची आणि मग सिमेंटच्या कोठीमागे पत्र्याच्या संडासापर्यंत फळ्यांवरून तोल सांभाळत जायचं. एवढा वेळ कुठलं पोट देतं?

म्हणून तो खाईनासा झाला. सकाळी नुसता चहा, मग संध्याकाळपर्यंत उपाशी. जेवणाचा डबा वर नेत होता आणि तसाच खाली आणत होता. तरी पोट ऐकेना. रिकामं असलं तर जास्तच पिळायचं. शेवटी एक दिवस कळ अशी आली की त्याला उतरायला जमलंच नाही. केबिनमध्ये ग्रिसचा एक रिकामा डबा होता, घट्ट झाकणाचा. त्या कपाटाएवढ्या जागेत, चहूबाजूंनी काच असलेल्या त्या केबिनमध्ये, पिकल्या केसांच्या त्या माणसाने डब्याचा आधार घेतला. वरून पक्षीही जात नव्हता, तरी दाजीने गळ्यातला रुमाल काढून तोंडावर घेतला.

मग तो डबा रोजचाच झाला. संध्याकाळी हत्यारांच्या पिशवीत तळाला घालून, वर पाने-पक्कड टाकून, तो गुपचूप खाली आणायचा.

एक दिवस फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवीला हात घातला. तारा चोरीला जात होत्या म्हणून हुकूम होता.

“दाजी, पिशवी दाखव.”

दाजीने पिशवी छातीशी धरली. “राहू दे ना. हत्यारंच आहेत.”

“मग घाम कशाला फुटला?” पहारेकऱ्याने पिशवी बाहेरूनच चाचपली, आत काहीतरी डचमळलं. तो दाजीकडे बघून हसला. एक डोळा बारीक केला. “अच्छा! वर बसून घेतोस होय रे? बाटली आहे का?”

आता इथे माणूस काय बोलेल? ‘नाही’ म्हणावं तर तो झाकण उघडून बघणार. दाजीने खाली मान घातली आणि चोरासारखं हसला. तेवढं हसू पुरलं.

“जा,” पहारेकरी म्हणाला. “मी बघितलं नाही. पण कमी कर.”

घरी जाताना दाजीला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती पुढच्या वळणावर. दारुड्या म्हणून घेतलं आणि हायसं वाटलं! त्याच्या बापाने कधी थेंब शिवला नव्हता, त्याने स्वतः शिवला नव्हता. पण माणसांची रीतच उलटी. प्यायला तर म्हणतात, मर्द आहे, चालायचंच. पोट बिघडलं तर आयुष्यभराची थट्टा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दाजीने ती झाकून वर दारूचं फडकं गुंडाळलं.

पहारेकऱ्याच्या पोटात गोष्ट राहिली नाही. आठवड्यात साऱ्या बांधकामाला कळली. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण दाजी जवळ आला की माणसं जरा हुंगून बघायची.

*

बायकोपासून पोट लपत नाही. तिने दोन-तीनदा दवाखान्यात न्यायचा प्रयत्न केला होता, प्रत्येक वेळी दाजीने ‘बरं वाटतंय’ म्हणून टाळलं होतं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने चपला त्याच्यासमोर ठेवल्या. “अहो, आज उठायचं. नाहीतर मी भावाला सांगते. तो खांद्यावर टाकून नेईल.”

भावाला सांगते म्हटल्यावर दाजी मुकाट्याने उठला.

पोटाच्या डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी जे जे विचारलं ते ऐकून दाजीला भिंतीत शिरावंसं वाटत होतं. कितीदा होतं, कसं होतं, पातळ की घट्ट, गेल्यावर दुखणं थांबतं का, रक्त दिसतं का, वजन उतरलं का. दाजी छताकडे बघून उत्तरं देत होता आणि तो अडखळला की बायको पुढचं सांगत होती, बाजारभाव सांगावा तितक्या सहज.

रक्ताची, शौचाची तपासणी झाली, आतून दुर्बीण घालूनही बघितलं. सगळं स्वच्छ निघालं. दाजीचा चेहरा उतरला.

“म्हणजे मला काही नाहीच?”

“तपासणीत काही नाही. दुखणं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “रस्ता चांगला आहे, वाहतूक बिघडलीये. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. तुम्ही चिडकं आतडं म्हणा. आतडं आणि मेंदू दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. तुमच्यात त्या दोघांची भांडणं लागलीयेत. तुम्ही घाबरलात की ते पिळतं, ते पिळलं की तुम्ही घाबरता.”

“मग औषध द्या.”

“एका औषधाने जाणारं हे नाही. एकेक करून बघावं लागेल, तुम्हाला काय लागू पडतं ते. पहिलं म्हणजे उपाशी राहणं बंद. थोडं थोडं, वेळेवर खायचं. चहा कमी.”

“किती कमी?” बायकोने विचारलं.

“किती पितात?”

“विचारू नका.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, कांदा, दूध, कडधान्यं असे काही पदार्थ थोडे आठवडे सोडून बघायचे, आणि मग एकेक करून परत आणायचे. कुठला बाधतो ते कळेल, तेवढाच सोडायचा. सगळंच सोडाल तर हवेवर जगावं लागेल. रोज इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर. तो कोंडलेल्या पोटालाही चालतो आणि सुटलेल्यालाही. जेवणाआधी पुदिन्याच्या तेलाची कॅप्सूल, ती चावायची नाही, अख्खी गिळायची. आणि फारच कळ आली तर ही गोळी. पीळ सोडवते.

“ही गोळी सांभाळून,” त्या म्हणाल्या. “तोंडाला कोरड पडते, डोळ्यांपुढे अंधुक होऊ शकतं. तुम्ही काम काय करता? मशीन वगैरे चालवत नाही ना?”

दाजीला पुढचं सगळं लखलखीत दिसलं. खरं सांगितलं तर या बाई लिहून देणार, याला वर चढू देऊ नका. का, ते सगळ्यांना कळणार.

“बसून काम आहे,” तो म्हणाला.

बायको वळून त्याच्याकडे बघू लागली. दाजीने टेबलाखाली तिचा पाय दाबला. खोटं कुठे होतं? केबिनमध्ये तो बसूनच असायचा.

“याने नाही भागलं तर पुढचंही आहे,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “मन उदास झालेल्यांना देतात त्यातली एक गोळी अगदी थोड्या मात्रेत आतड्याच्या नसा शांत करते.”

“वेड्यांची गोळी?”

“चिडक्यांची. शिवाय आमच्याकडे एक ताई आहेत, त्या पोट आणि मन दोन्ही सैल सोडायला शिकवतात. बऱ्याच जणांना त्याने गुण येतो. आणि आणखी एक. कामावर सांगून ठेवा, की मला मध्येच उठावं लागतं. उठता येईल एवढं माहीत असलं तरी पोट निम्मं गप्प बसतं. हसू नका, तोही उपचारच आहे.”

दाजी हसत नव्हता. एवढ्या उपायांतून त्याने मनातल्या मनात तेवढेच निवडले होते जे तोंड न उघडता करता येतील.

*

इसबगोल दोन दिवस घेतला आणि सोडला, कारण त्याला पाणी प्यावं लागे आणि पाणी प्यालं की उतरावं लागे. चहा सुटला नाही. जेवणाचा डबा न उघडता परत येतच राहिला. कॅप्सूल मात्र तो इमानाने घ्यायचा, आणि पाण्यावाचून गिळवत नाही म्हणून चावून खायचा. त्याच्या तोंडाला, ढेकरांना, शर्टालासुद्धा पुदिन्याचा उग्र वास येऊ लागला.

बांधकामावर यावरून काय ताडायचं ते ताडलं गेलं. दारूचा वास मारायला माणूस दुसरं काय खातो?

“दाजींच्या तोंडात बाग फुललीये,” एक सुतार म्हणाला आणि चारजण फिसकन हसले. शिट्टी तिथेच होता. तो हसला नाही. त्याने सुताराकडे असं बघितलं की सुताराला अचानक खिळे आणायचं काम आठवलं.

आणि गोळी. गोळीने खरंच पीळ सुटायचा. मग दाजीने विचार केला, कळ आल्यावर घ्यायची ती आधीच घेतली तर कळ येणारच नाही. आणि एकीने एवढा गुण येतो तर दोन का नकोत? औषधाची आणि त्याची दोस्ती झाली आणि त्याला ती दोस्ती आंधळी आहे हे कळलं नाही.

त्या दिवशी त्याने खालीच दोन घेतल्या होत्या. दुपारच्या सुमाराला सळयांचा भारा वर घ्यायचा होता. स्लॅबच्या मधोमध नुकतीच उभी केलेली विटांची भिंत, तिच्या अलीकडे भारा ठेवायचा. काम नेहमीचं. तोंड कोरडं पडलेलं, समोरच्या काचेवर कुणी फुंकर घातल्यासारखं वाटत होतं. दाजीने बाहीने काच पुसली. काच स्वच्छ होती.

“दाजी, सावकाश,” वायरलेसवर शिट्टीचा आवाज आला. “आता हातावर या.”

शिट्टीचा हात वर आला. उघडा पंजा, हळू खाली. दाजीने सोडलं. पंजा. सोडलं. मग तो हात दाजीच्या डोळ्यांत विरघळला. बोटं आहेत की मूठ आहे, कळेना. दाजीने डोळे ताणले. त्याला वाटलं, बोटं आहेत. त्याने सोडलं.

शिट्टीची शिट्टी इतक्या जोरात वाजली की केबिनच्या काचेतून ऐकू आली.

भारा भिंतीवर रेलला होता. भिंत क्षणभर विचार केल्यासारखी उभी राहिली आणि पलीकडे कोसळली.

मग आरडाओरडा. भिंतीपलीकडे एक गवंडी बसून कोपरा भरत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. चार-पाच जण विटा उपसू लागले. दाजीच्या हातात क्रेनचा दांडा होता, भारा अजून हुकाला होता, आणि नियम होता. त्याला उतरताही येत नव्हतं. तो काचेतून बघत राहिला.

एवढ्यात जिन्यातून तोच गवंडी पँटचा पट्टा आवळत वर आला.

“काय झालं रे?” त्याने विचारलं, विटांकडे बघितलं, आणि मटकन खाली बसला. मग मोठ्याने हसायला लागला. “मला लागली होती! आत्ताच गेलो होतो! अरे, पोटाने वाचवलं मला! घरी गेल्यावर पोटाचा मुका घेतो.”

सगळे हसले, काही जण डोळे पुसत हसले. वायरलेस उघडा होता, केबिनमध्ये ते सगळं ऐकू आलं. जो शब्द लपवायला दाजीने डबा भरला, खोटं बोलला, तो शब्द त्या गवंड्याने भर स्लॅबवर सगळ्यांपुढे ओरडून सांगितला आणि त्याचं काहीही बिघडलं नाही.

*

खाली उतरल्यावर मुकादम समोर उभा. तो जवळ आला, दाजीच्या तोंडाशी नाक नेलं आणि हुंगलं.

“पुदिना,” तो म्हणाला. “मी काय शेंबडं पोर आहे? अरे, आज मढं काढावं लागलं असतं. तुझं सामान घे आणि—”

“चूक माझी आहे.”

हे शिट्टी बोलला होता. धापा टाकत स्लॅबवरून खाली आला होता, गुडघ्यांवर विटांची धूळ.

“मी थांबचा इशारा उशिरा दिला. माझं लक्ष नव्हतं. दाजींनी मी सांगितलं तेच केलं.”

मुकादमाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तो काही दूधखुळा नव्हता. पण इशारेवाला स्वतः म्हणतोय म्हटल्यावर त्याला पुढे बोलता येईना.

“मग उद्यापासून तू वर नाहीस,” तो शिट्टीला म्हणाला. “खाली फळ्यांतले खिळे काढ. ते तरी लक्ष देऊन काढ. आणि ती शिट्टी ठेव आता खिशात.”

 दाजीची जीभ टाळूला चिकटली होती. गोळीने की भीतीने, देव जाणे. बोलायला क्षण होता. एक वाक्य पुरलं असतं. तो क्षण आला तसा गेला.

फाटकाबाहेर शिट्टीने त्याला गाठलं. 

“ताईला मी काही सांगितलेलं नाही,” शिट्टी म्हणाला. “सांगणारही नाही. पण दाजी, आता सोडा ती. तुमच्यापुढे हात जोडतो. आज तो गवंडी वाचला म्हणून आपण दोघं सरळ चालतोय.”

शिट्टीचे डोळे भरले होते. ज्याने आयुष्यात दाजीला कधी शहाणपण शिकवलं नाही, तो धाकटा मेहुणा रस्त्यात हात जोडून उभा होता.

“सोडतो,” दाजी म्हणाला.

“शपथ?”

“शपथ.”

कधी न घेतलेल्या दारूची शपथ घेऊन दाजी घरी गेला. त्या दिवशी त्याला पोटात काही दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

*

नवा इशारेवाला तरणा, चुणचुणीत होता. सगळं वायरलेसवर, पढवल्यासारखं. दाजीने गोळी बंद केली होती, त्यामुळे नजर स्वच्छ होती, आणि स्वच्छ नजरेला पायाखालच्या काचेतून खाली दिसायचं: फळ्यांचा ढीग, आणि ढिगाशेजारी उकिडवा बसलेला शिट्टी. एवढ्या उंचीवरून चेहरा दिसत नाही, पण आपलं माणूस पाठीवरून कळतं. जाणारा-येणारा त्याच्याजवळ थबकायचा, काहीतरी बोलायचा, हसायचा. काय बोलत असतील ते दाजीला न ऐकता ऐकू येत होतं.

घरी बायको म्हणाली, “भाऊ म्हणतो, इशारा चुकला त्याचा. अहो, त्याचा कसा चुकेल? लहानपणी चेंडू कुठे पडणार ते तो आधी सांगायचा.”

दाजीने भाकरी मोडली.

“आणि गोळ्यांची पट्टी एवढ्यात कशी संपली?”

“पडल्या असतील.”

“गोळ्या पडल्या,” ती म्हणाली. “भिंत पडली. तुमच्याकडे सगळं आपोआप पडतं.”

एवढंच बोलून तिने ताट उचललं. तिला सगळं कळलं होतं असं नाही, पण निम्मं कळलं होतं, आणि उरलेलं निम्मं ती नवऱ्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. ते दाजीलाही कळलं. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही; प्रश्न एवढाच, की आरवायचं कुणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची मोठी टाकी वर न्यायची होती. सगळं बांधकाम माना वर करून बघत होतं. टाकी निम्म्यावर आली आणि दाजीच्या बेंबीखाली ओळखीचा पीळ पडला. मागे ग्रिसचा डबा होता. खिशात गोळ्यांची नवी पट्टी होती, न फोडलेली. कपाळावर घाम आला. त्याने खाली बघितलं. टाकीखालची जागा मोकळी करायला शिट्टी फळ्या ओढून बाजूला करत होता, कुणी न सांगता. टाकीची झूल कशी जाईल, ते त्याला खालूनही कळत होतं.

दाजीने दात आवळले. टाकी वर घेतली, फिरवली, हळूहळू जागेवर आणली. “थांबा,” नवा इशारेवाला म्हणाला. टाकी टेकली. साखळ्या सुटल्या. एवढा वेळ पोटाने का दिला, ते त्याचं त्याला ठाऊक.

दाजीने वायरलेसचं बटण दाबलं.

“हुक रिकामा,” तो म्हणाला. “उतरतोय.” आणि बटण सोडलं नाही. “मला संडासला लागलीये.”

कुणीतरी खाली फिसकन हसलं.

“हसा. मग ऐका. मला पोटाचा रोग आहे. दोन वर्षं झाली. मी दारू पीत नाही, कधी प्यायलो नाही. पिशवीत असायचा तो डबा… दारूचा नव्हता. काय होता ते पहारेकऱ्याला सांगा आणि त्याला म्हणावं, हात धू. पुदिना औषधाचा आहे. त्या दिवशी मी गोळ्या जास्त घेतल्या होत्या, मला दिसत नव्हतं. शिट्टीने मूठ दाखवली होती. वेळेवर दाखवली होती. भिंत मी पाडली. मुकादम, काय करायचं ते करा, पण आधी मला जाऊन येऊ द्या.”

त्याने बटण सोडलं.  मग मुकादमाचा आवाज आला, “उतर.” त्या एका शब्दावरून राग आहे की काय आहे, काही कळेना.

शिडी उतरताना तोंड शिडीकडे असतं आणि पाठ जगाकडे. ती शिडी दाजीला त्या दिवशी संपता संपेना. साऱ्या बांधकामाचे डोळे पाठीवर, कान तापलेले, पोटात पीळ. लाज जाईल असं त्याला वाटलं होतं. बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. तसलं काही झालं नाही. उलट आता ती सगळ्यांच्या मालकीची झाली होती. आता हा सुतार जन्मभर बोलणार. आता मुकादम केबिन काढून घेणार, डॉक्टरीणबाईंचा कागद आणल्याशिवाय वर पाऊल ठेवू देणार नाही, आणि ते बरोबरच होतं. डॉक्टरीणबाईंना आधी सांगावं लागणार, की बसून काम म्हणजे कुठे बसून. मग ती चिडक्यांची गोळी म्हणा, त्या पोट सैल सोडायला शिकवणाऱ्या ताई म्हणा, त्या जे म्हणतील ते.  

शेवटच्या टप्प्यावर तो वळला. शिडीच्या पायथ्याशी शिट्टी उभा होता. त्याच्या मागे सिमेंटच्या कोठीपर्यंतची वाट मोकळी झाली होती, फळ्या दोन्ही बाजूंना सारलेल्या.

“दारुड्या म्हणवून घेतलंत,” शिट्टी रागाने खालूनच म्हणाला.  “मी शपथ घालत होतो, आणि तुम्ही घेत होतात! ताईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला. एवढी कसली हो लाज?”

दाजीने घाईने पाय खाली टाकला.  तो दांड्यावरून सटकला आणि दाजी एका हाताने लोंबकळला.

शिट्टीचं तोंड अजून रागाने वाकडं होतं, पण हात आपोआप वर आला. उघडा पंजा, खाली-खाली. हळू. हळू खाली.

दाजीला पाची बोटं स्वच्छ दिसली. तो त्या हातावर उतरू लागला.